आधी यंत्रावर संशय

फोन आला तेव्हा तो लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा होता, दोन मजल्यांच्या मधोमध, आणि तारेचा दोर फडक्याने चाचपत होता. दोर चाचपताना तो फोन घेत नसे. दोरातली एखादी बारीक तार तुटून वर आली असेल तर ती फडक्याला अडकते, आणि माणूस बोलत असला की नेमकी तीच निसटून जाते. पण फोन वाजायचा थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला, पुन्हा वाजला. बायको ज्या गणवेशाच्या दुकानात मापं घ्यायची, तिथली काउंटरवरची बाई बोलत होती. "अहो, तुम्ही लगेच या. ताई माप घेता घेता खाली बसल्या." खाली बसल्या, एवढंच ती म्हणाली, म्हणून त्यालाही एवढंच वाटलं की बसली असेल, दिवसभर उभं राहून पाय दुखतात तिचे. त्याने डबा मजल्याला लावला, दाराशी दुरुस्तीची पाटी ठेवली, हात धुतले. तो पोचला तेव्हा दवाखान्यात तिच्या अंगावर चादर होती. मेंदूत रक्तस्राव, असं तरुण डॉक्टर म्हणाला, आणि कागद भरता भरता त्याने विचारलं, "त्यांना बीपी होतं का?" तो म्हणाला, "नाही." मग, खोटं बोलायची सवय नसल्यामुळे, पुढे म्हणाला, "म्हणजे एकदा खूप आलं होतं. पण ते मशीन बिघडलेलं होतं. आम्ही बदलून आणलं." डॉक्टरचं पेन क्षणभर थांबलं आणि परत चालू लागलं. तेवढंच. पण लेकीने त्याचा कोपर धरला होता, तो हात त्या क्षणी सुटला, आणि बायको गेली हे त्याला चादरीवरून कळलं नव्हतं ते त्या सुटलेल्या हातावरून कळलं.

मशीन आणलं होतं ते त्याच्यासाठी. त्याचे वडील छातीत कळ येऊन गेले, काकाही तसेच गेले, तेव्हा आता पाळी याची, असं बायकोने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्या पाळीच्या आड ती कंबर कसून उभी होती. त्याच्या ताटातलं मीठ तिने कमी केलं, त्याची तंबाखू तिने भांडून सोडवली, आणि एक दिवस घरी बीपीचं मशीन आलं. "आधी माझ्यावर करून बघते," ती म्हणाली. "तुम्हाला शॉक-बिक बसला तर लिफ्टवाला विजेने गेला म्हणून लोक हसतील." तिने दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं, आणि आकडा आला तो इतका मोठा की तिघंही हसली. लेक म्हणाली, "आई, हा तुझा बीपी आहे की बसचा नंबर?" त्यालाही त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. लिफ्टचं दार मिटत नसलं, आत काही अडकलंय असं सेन्सर सांगत असला आणि बघावं तर आत काही नसलं, तर बहुतेक वेळा सेन्सरवर धूळ बसलेली असते. म्हणून आधी यंत्रावर संशय घ्यायचा, हे त्याला कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं, आणि त्याने आयुष्यभर तेच केलं होतं. शिवाय बायकोनेही दुजोरा दिला. तिचे हात मापाचे. पट्टा चिमटीत धरून ती म्हणाली, "माझा दंड बघा आणि ही पट्टी बघा. लहान पोराच्या बाहीत कुस्तीगीर घातलाय." मग लेकच मशीन घेऊन दुकानात गेली, दुकानदाराशी कचाकचा भांडली आणि दुसरं घेऊन आली. दुसरं त्याच्या दंडाला लावलं. आकडा छान आला. मशीन चांगलं निघालं म्हणून सगळी खूष झाली. त्यानंतर रोज सकाळी ती त्याच्या दंडाला पट्टा बांधायची, बोटांनी त्याची बाही सारखी करायची, आकडा मोठ्याने वाचायची. स्वतःच्या दंडाला तिने तो पट्टा परत बांधला नाही, आणि बांध म्हणून कोणी म्हणालं नाही.

ती गेल्यावर काही महिने तो फक्त कामावर गेला आणि घरी आला. मग एका दुपारी एका जुन्या इमारतीत लिफ्ट अडकली. जोडीदार जिन्याने वर मशीनच्या खोलीत गेला, ब्रेक सोडून डबा हाताने खाली आणायला, आणि हा दाराच्या फटीशी थांबला, आतल्या माणसाला धीर द्यायला. आत त्याच इमारतीत दवाखाना असलेल्या डॉक्टरबाई होत्या. "घाबरू नका," तो म्हणाला. "मी घाबरले नाहीये, मला उशीर होतोय," आतून आवाज आला. जोडीदाराला वेळ लागणार होता. तो गुडघे धरत चढणारा. काहीतरी बोलत राहायचं असतं, म्हणून हा बोलला, आणि तोंडातून निघालं ते भलतंच: "बाई, बीपी म्हणजे नक्की काय हो?" मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. पाण्याच्या पाइपात दाब जास्त असला तर पाइप काही ओरडत नाही, असं त्या म्हणाल्या. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस हसतो, खातो, कामावर जातो. मोजल्याशिवाय ते कळतच नाही. त्याने त्यांना मशीनची गोष्ट सांगितली, दाराच्या फटीतून, तोंड जवळ नेऊन. बाई म्हणाल्या, "पट्टा लहान असला तर आकडा जास्त येतो, हे खरं आहे. तुमच्या मंडळींचं अगदीच चुकलं नव्हतं. पण मग मोठा पट्टा लावून परत मोजायचं. मशीन बदलून नवऱ्याचं नाही मोजायचं." एवढ्यात डबा हलला, खाली आला, दार उघडलं, आणि बाई बाहेर आल्या तर बाहेरचा माणूस रडत होता. त्या उशीर विसरल्या. "उद्या दुपारी या," म्हणाल्या. "आणखी सांगते."

तो गेला, आणि मग जातच राहिला. इतक्या वर्षांत त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. आता रोज काही नवं कळत होतं आणि त्या कळण्याने त्याच्या अंगात वारं भरलं. चालताना पाय आपोआप भरभर पडायचे. भाजी निवडताना, आंघोळ करताना, बसच्या रांगेत उभं असताना तो मनातल्या मनात कोणाला तरी समजावून सांगत असायचा, आणि ते कोण हे त्याला ठाऊक होतं. अगं, ऐक, असं मनात यायचं. अगं, नुसतं रोज चाललं तरी फरक पडतो, आणि तो फरक लोकांनी मोजून पाहिलाय. अगं, उतारवयात एका पायावर उभं राहता येणं, खुर्चीवरून हात न टेकता उठता येणं, हे असलं क्षुल्लक वाटणारंही महत्त्वाचं असतं. पडून हाड मोडलेली माणसं पुष्कळदा पुन्हा उभी राहत नाहीत. अगं, मीठ तू बरोबर कमी केलंस, पण स्वतःच्या ताटात वरून का घेत होतीस? सगळ्यात त्याला भावला तो एक शब्द: पुरावा. आजवर त्याला वाटायचं, डॉक्टर लोकांना ठाऊकच असतं. बाई म्हणाल्या, तसं नाही, ठाऊक करून घ्यावं लागतं. हजारो माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडायचे, एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण आत काही नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे त्यांनाही सांगायचं नाही. मग वर्षानुवर्षं बघत राहायचं. किती जणांना झटका आला, या गटात किती, त्या गटात किती. हे ऐकून तो घरी आला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. ती दुसऱ्या गटातली माणसं. रोज सकाळी उठून पाण्याबरोबर काहीच न गिळणारी, आणि आपण बरे होतोय असं समजणारी. ती माणसं होती म्हणून औषधाचं कळलं. मग त्याच्या मनात आलं, आपली बायकोही दुसऱ्याच गटात होती, फक्त तिच्यासाठी कोणी चिठ्ठी टाकली नव्हती आणि कोणी मोजत नव्हतं. त्याने ओट्याची कड घट्ट धरली. कड थंड होती. आणि तेवढ्यातही, कसं कोण जाणे, त्याला हुशारी वाटत होती, भूक लागली होती, उद्या बाईंना काय विचारायचं ते डोक्यात फिरत होतं. या हुशारीची त्याला भीती वाटे. घरात माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि आपल्याला हे काय झालंय, पोराला नवी सायकल मिळावी तसं?

कामावर त्याचं हसं झालं. लिफ्ट दुरुस्त करून झाली की तो लोकांना सांगायचा, "चालू झाली. पण दोन मजल्यांसाठी कशाला वापरता? जिना आहे ना." ही तक्रार साहेबांपर्यंत गेली. साहेबांनी बोलावून विचारलं, "अरे, तू आपला माणूस आहेस की जिन्याच्या कंपनीचा?" जोडीदाराने त्याचं नाव जिनेवाला ठेवलं आणि ते चिकटलं. जिनेवाल्याच्या हत्यारांच्या पिशवीत पान्यांच्या शेजारी बीपीचं मशीन असे. जेवणाच्या सुट्टीत तो माणसं बसवायचा आणि नियम सांगायचा: पाठ टेकवा, पाय जमिनीला, पायावर पाय नको, आधी थोडा वेळ गप्प बसा, बाही वर, दंड छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही. जोडीदार म्हणाला, "बायकोसमोर बसतो तसं बसायचं, एवढंच ना?" पण बसला. त्याचा आकडा जास्त आला. दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशीही जास्त. जिनेवाल्याने त्याला दंडाला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं, आणि गोळी सुरू झाली तेव्हा याला इतका आनंद झाला की जोडीदार म्हणाला, "अरे, आजारी मी पडलोय आणि पेढे वाटल्यासारखं तोंड तुझं."

राहिली होती ती लेक. खरं तर पहिल्या दिवसापासून सगळं तिच्यापाशीच येऊन थांबत होतं. लेक पोहायला शिकवायची. आडव्या बांध्याची, खांद्याने भरलेली, आईसारखीच. लोक म्हणत, हिला पाण्यात ढकललं तर पाणीच बाजूला होईल. दर रविवारी यायची, बापाचे डबे भरून ठेवायची, बडबड करायची, आणि मशीन दिसलं की उठून गॅलरीत जायची. आईचं रक्त आहे, बाईंनी सांगितलं होतं, आईवडिलांना असलं की मुलांना असण्याचा संभव जास्त. त्याने एकदा सरळ विचारलं. "मला काय होणारे? मी रोज अर्धा दिवस पाण्यात असते," ती म्हणाली. एकदा गमतीने विचारलं. "आधी तुमचं मोजा," ती म्हणाली, आणि तो उगाच पिशवी आवरू लागला. मग त्याला वाटलं, तिला दंडाचीच अडचण असेल, आईसारखी. मोठा पट्टा आणावा. पण मापाशिवाय पट्टा कसा आणायचा? बायकोची मापाची पट्टी शिवणाच्या डब्यात होती, कडेने पिवळी पडलेली, आकडे बोटांनी पुसट झालेले. दुकानात घालायचा तिचा निळा कोट कपाटात होता. त्याने कोटाची बाही पलंगावर पसरली आणि दंडाच्या जागी पट्टी लावली. पट्टी कशी धरायची हे त्याला येत नव्हतं. ती चिमटीत धरायची, एक बोट मध्ये ठेवायची, "श्वास घ्यायला जागा," म्हणायची. त्याने एक बोट मध्ये ठेवलं. बाहीला खडूचा वास होता. कापडावर खुणा करायचा तो निळा खडू. तो वास घेत तो तसाच पलंगाच्या कडेला बसून राहिला, बाहीत बोट घालून, आणि बाहेर कोणाच्या तरी घरी कुकर शिट्ट्या देत होता. पण उठला तेव्हा माप त्याच्या डोक्यात पक्कं होतं, आणि दुकानाकडे जाताना तो जिना दोन दोन पायऱ्या टाकत उतरला.

त्या रविवारी लेक आली आणि टेबलावर मशीन आणि नवा पट्टा बघून दारातच थांबली.

"बाबा, आज नको."

"का?"

"दमलेय."

"दमलीस तर बस. बसायचंच आहे."

ती बसली नाही. "मला एक सांगा, तुम्हाला एवढा आनंद कसला झालाय? शेजारच्या काकू मला विचारतात, तुझ्या बाबांचं लग्न-बिग्न ठरलंय का म्हणून. आई गेली, आणि तुम्ही जिन्यावरून उड्या मारताय. एका पायावर उभे राहताय. मी फोन केला की रडत नाही, मला मिठाचं सांगता."

तिचं खोटं नव्हतं. त्याला सांगायचं होतं पण त्याच्याकडे शब्द होते ते कामाचेच. "हे बघ," तो म्हणाला. "मी टपावर उभा राहून दोर चाचपतो. रोज चाचपतो, काही नसतं. एखाद्या दिवशी फडकं अडकतं. एक तार तुटलेली असते, केसाएवढी. वरून बघितलं तर दोर नवा कोरा. खाली लोक चढतात, उतरतात, त्यांना काही माहीत नसतं. तेव्हा मला काय होतं सांगू? आनंद होतो. दोर खराब निघाला म्हणून नाही. फडकं अडकलं म्हणून. अजून वेळ आहे म्हणून. तो आनंद मला तुझ्या आईच्या वेळी झाला नाही. आता होतो, कुणाचंही निघालं तरी होतो. त्याला मी काय करू?"

लेक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "आणि माझं जास्त आलं तर?"

"तर गोळी. आणि काय."

"तसं नाही." तिचा आवाज बारीक झाला. "माझं जास्त आलं तर ते पहिलं मशीन बरोबर होतं. मी त्या दुकानदाराला काय काय बोलले बाबा. बिचारा म्हणत होता, बाई, मशीन ठीक आहे, मी माझ्यावर लावून दाखवतो. मी म्हटलं, आमच्या घरी लिफ्टचं काम करतात, आम्हाला यंत्रातलं नका सांगू."

हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं. त्याला हसू आलं आणि त्याच वेळी छातीत काहीतरी दाबल्यासारखं झालं. आपल्याच तोंडचं वाक्य लेक एवढ्या लांब घेऊन गेली होती, दुकानापर्यंत, अभिमानाने.

"बरोबरच होतं ते मशीन," तो म्हणाला. "मला दवाखान्यातच कळलं. तुलाही तेव्हाच कळलं. मोजलं नाहीस म्हणून ते चूक ठरणार आहे का? बस."

ती बसली. पाठ टेकवली, पाय जमिनीला लावले. बाही वर केली, आणि तो दंड समोर आला, तसाच, कोपराच्या वर तसाच गोल, पोहून घट्ट झालेला. त्याने पट्टा गुंडाळला. एक बोट मध्ये घालून बघितलं. बरोबर बसला होता. "मोठा आणलात," ती म्हणाली. "माप कुठून घेतलं?" "बोलायचं नाही," तो म्हणाला. जन्मात कधी गप्प न बसलेली ती पोरगी गप्प बसली. दोघंही भिंतीकडे बघत बसली. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा आवाज येत होता, कोणीतरी गाडी लावताना मागे या, मागे या म्हणत होतं. मग त्याने बटण दाबलं. पट्टा फुगला, घुरघुरला, थांबला, हळूहळू सैल झाला. ते सैल होणं त्याच्या ओळखीचं होतं. रोज सकाळी ते त्याच्या दंडावर व्हायचं आणि वर दोन बोटं बाही सारखी करत असायची. आकडा आला. त्याने जरा थांबून परत मोजलं. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा आकडा वरचाच. त्या दिवशी बसचा नंबर म्हणून हसलेल्या आकड्याएवढा नव्हे, पण त्याच वाटेवरचा.

"सापडलं," तो म्हणाला. आणि त्याला आवरेना, तो उभाच राहिला, टेबलावर हात आपटला. "अगं, सापडलं! वेळेवर सापडलं!" लेक त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, म्हणत होती, "बाबा, मला आजार निघालाय, आजार, तुम्ही नाचताय काय?" तो म्हणाला, एका दिवसावरून काही ठरत नाही, आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोज, मग बाईंकडे जाऊ, त्या बघतील, कदाचित नुसतं खाणं सांभाळून भागेल, कदाचित गोळी लागेल, गोळी लागली तरी त्याला पुरावा आहे, ढिगाने पुरावा आहे, तुला सांगतो चिठ्ठ्या टाकून कसे गट करतात ते. ती म्हणाली, "सांगितलंय तुम्ही, चार वेळा." आणि तरी तिने ते पाचव्यांदा सगळं ऐकून घेतलं, दंडाला पट्टा तसाच बांधलेला ठेवून.

जाताना तिने मशीन आणि दोन्ही पट्टे पिशवीत घातले. दारात थांबून म्हणाली, "तुमचं कधी मोजलं शेवटचं?"

"मी रोजच मशीन हाताळतो."

"ते नाही विचारलं."

"ते तुझी आई बघायची," तो म्हणाला. "जा आता, उशीर होईल. आणि जिन्याने जा."

ती जिन्याने गेली. तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली, भक्कम, एकसारखी. आठवड्याने ती डॉक्टरबाईंकडे जाणार आहे आणि हा तिच्याबरोबर जाणार आहे. जोडीदाराची गोळी चालू आहे. साहेबही येत्या सोमवारी बसायला तयार झाले आहेत. त्याचं स्वतःचं बीपी, बायको गेली त्या सकाळी तिने मोजलं होतं, त्यानंतर मोजायचं राहिलं आहे.